घरच्या चित्रगृहाची जमाबंदी

महसूल खात्यात ३१ वर्षे लेखणी झिजवून, अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून शाल आणि नारळ घेऊन (नारळ मिळण्याचा जो दुसरा अर्थ प्रचारात आहे, तो येथे अभिप्रेत नाही) सन्मानपूर्वक उतरलेल्या मनुष्याने उतारवयात यंत्रांच्या वाटेस जाऊ नये, असा स्पष्ट फैसला आमच्या घरातील वरिष्ठ न्यायालयाने मेथी निवडता निवडता दिला होता. आणि त्या न्यायालयापुढे अपील चालत नाही, हे चाळीस वर्षांच्या संसारात मी पुरते जाणून असतानाही २०१९ च्या डिसेंबरात जे घडावयाचे ते घडलेच.

कारण तसे पाहिले तर क्षुल्लक होते. एके संध्याकाळी आमच्या डीव्हीडी प्लेअरने जबडा बाहेर काढला आणि तो परत आत घेण्यास नकार दिला. एके काळी मराठी चित्रपटांच्या, नाटकांच्या आणि नाट्यगीतांच्या सीड्या पुस्तकांच्या दुकानापासून बसस्थानकाच्या फलाटापर्यंत कोठेही मिळत असत आणि दर पगाराला दोन-तीन या बेताने मी त्या घेत गेलो होतो. त्यांची संख्या ३०० च्या घरात गेली, दामले-फत्तेलालांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’पासून अत्र्यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’पर्यंत प्रत्येकीला अनुक्रमांक देऊन मी तिची नोंदवहीत नोंद घेतली, आणि आता ही सारी दौलत एका जबड्याच्या हट्टापायी कुलूपबंद झाली. प्लेअर काखोटीस मारून मी पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेलो. तेथील कारागिराने त्याच्याकडे, डॉक्टर अतिवृद्ध रुग्णाकडे पाहतात त्या करुणेने पाहिले आणि “काका, ह्याचे पार्ट येत नाहीत आता,” एवढेच म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाचे मिक्सर हाती घेतले.

याच सुमारास आमचा भाचा, जो हिंजवडीच्या एका कंपनीत नेमके काय करतो हे त्याला वारंवार विचारूनही मला समजलेले नाही, रविवारच्या जेवणास आला होता. त्याने ताटावरूनच दरखास्त मांडली : “मामा, एक छोटा कॉम्प्युटर असेंबल करून टीव्हीला जोडू. सगळ्या सीड्या त्यात भरून टाकू. स्वस्तात होईल.” न्यायालयाने आमटी वाढता वाढता हरकत नोंदविली. वरच्या मजल्यावरच्यांनी म्हणे टीव्हीच्या पाठीत खुपसावयाची एक काडी आणली होती, तीन-चार हजारांत, आणि त्या काडीतून त्यांना सारे त्रैलोक्य दिसत होते. “मामी,” भाचा म्हणाला, “त्या काडीत मामांच्या सीड्या जाणार आहेत का?” हा युक्तिवाद असा बिनतोड होता की न्यायालयाने ‘जे काही कराल ते १५,००० च्या आत करा’ अशी अट घालून मंजुरी दिली. वाचकांनी हा युक्तिवाद ध्यानात ठेवावा, अशी नम्र विनंती आहे.

सरकारी नोकरीत मनुष्य पुष्कळ गोष्टी विसरतो, परंतु तुलनात्मक तक्ता विसरत नाही. मी फुलस्केप आखले : अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन, परिमाण, तीन ठिकाणचे दर, शेरा. भाच्याने ते पाहिले आणि म्हणाला, “मामा, शेऱ्याचा रकाना मोठा ठेवा.” त्याच्या या सूचनेतील दूरदृष्टी मला पुढे आठवड्याभरात कळून आली.

प्रोसेसरचे प्रकरण सुखाने निकालात निघाले. एएमडी कंपनीचा अ‍ॅथलॉन ३०००जी नावाचा एक प्रोसेसर नुकताच, नोव्हेंबरातच, बाजारात उतरला होता. दोन गाभ्यांचा, ३५ वॅटच्या हिशेबाने बेतलेला, आणि मुख्य म्हणजे पडद्यावर चित्र काढण्याची विद्या पोटातच घेऊन आलेला, त्यामुळे निराळे ग्राफिक्स कार्ड बसविण्याचे कारण उरत नव्हते. लेखनिक आणि पट्टेवाला अशी दोन्ही कामे एकाच पगारात करणारा उमेदवार पाहून मला खात्यातील दिवस आठवले आणि ४,४०० रुपयांस मी त्याची नेमणूक कायम केली.

मदरबोर्डाने मात्र घात केला. एक तर तेथे आकार जसजसा लहान होत जातो तसतशी किंमत चढत जाते. साडेचोवीस सेंटिमीटरच्या चौरसाहून सतरा सेंटिमीटरचा चौरस महाग, हा न्याय मला प्रथम उफराटा वाटला, परंतु सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या मनुष्याने त्यावर आक्षेप घेणे शोभले नसते. तेव्हा आम्ही मोठ्या चौरसावर समाधान मानले. त्यातला ३,३०० रुपयांचा बोर्ड मी तक्त्यात तांबड्या शाईने खुणावतो न खुणावतो तोच भाच्याने त्याच्या पाठीवरील एचडीएमआयच्या छिद्राकडे बोट दाखविले. प्रोसेसरला ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा काढता येते, परंतु या बोर्डाचे छिद्र १.४ आवृत्तीचे असल्यामुळे तेवढ्या मोठ्या चित्राची त्यातून सेकंदाला ३० च्या वर आवर्तने जात नाहीत, त्याला २.० आवृत्तीचे छिद्र हवे. कालव्याला पाणी आहे, पण चारीचे तोंड अरुंद आहे, असा हा प्रकार आहे हे मला तत्काळ उमगले, कारण पाण्याच्या पाळ्यांवरून होणाऱ्या मारामाऱ्यांचे पंचनामे मी पुष्कळ वाचले आहेत. तथापि एक शंका मनात आली आणि ती मी भीतभीत बोलून दाखविली : बोलपट तर सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने चालतो ना? मग ३० का अपुरे? भाचा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “पुढे लागेल.”

या दोन शब्दांचे सामर्थ्य मी तोवर ओळखले नव्हते. पोरीच्या लग्नातील ताटे-वाट्यांपासून गावाकडच्या पडीक तुकड्यापर्यंत मराठी मध्यमवर्गाने जी म्हणून खरेदी केली, ती सारी या दोन शब्दांच्या हुकमाने केली आहे. आणि ज्याला पुढे म्हणजे फार तर दहा-पंधरा वर्षे उरली आहेत त्याला तर त्यांचा मोह तरुणांहून अधिक पडतो, कारण ‘पुढे लागेल’ म्हणताना पुढे आहे हे गृहीत धरले जाते. बोर्ड ४,३०० चा ठरला. मेमरीची आठ जीबीची एकच पट्टी घेण्याऐवजी चार-चारच्या दोन घेतल्या, कारण ज्या प्रोसेसरच्या पोटात चित्रकार बसलेला असतो त्याला दोन हातांनी जेवू घालावे लागते. त्याला ३,००० पडले. आज्ञावली ठेवावयाची १,८०० रुपयांची एसएसडी मात्र इतकी चपटी आणि इतकी निरुपद्रवी निघाली की तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

हार्ड डिस्कविषयी आहे. माझ्या ३०० तबकड्या, प्रत्येकीत फार तर ७००-८०० एमबी धरले तरी, पाव टेराबाइटाच्या आत मावणार होत्या. एक टेराबाइटची डिस्क ३,२०० ला होती, दोनची ४,५०० ला. आता सामान्य मनुष्य यातून ३,२०० खर्च करावेत असा निष्कर्ष काढील. परंतु आम्ही काटकसरी लोक असल्यामुळे आम्ही दर टेराबाइटला पडणारा दर काढला, तो एकीकडे ३,२०० आणि दुसरीकडे अवघा २,२५० निघाला, आणि टेराबाइटमागे ९५० रुपये वाचत असताना ते न वाचविणे हा शुद्ध अपव्यय होय, या मुद्द्यावर मामा-भाच्यांचे एकमत झाले. १,३०० रुपये अधिक देऊन आम्ही ती बचत पदरात पाडून घेतली. पुढे भाच्याने ती डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडून दाखविली, तेव्हा वेष्टनावर २ असताना पडद्यावर १.८१ दिसले. मी चष्मा पुसला. भाच्याने समजावले की विकणारा हजार-हजाराने मोजतो आणि यंत्र १,०२४ च्या पटीने, त्यामुळे ही तूट केवळ मोजणीतली आहे, डिस्कमधली नव्हे. त्याला वाटले, मी चिडेन. परंतु ज्याने जन्मभर सातबाराचे उतारे हाताळले त्याला क्षेत्र कागदावर एक आणि वहिवाटीत दुसरे असणे नवीन नसते. मी शेऱ्याच्या रकान्यात शांतपणे लिहिले : ‘पोटखराबा ०.१९.’

हे सगळे दर पुण्यात काढलेले होते. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर याहून स्वस्त मिळते, ही श्रद्धा पुण्यातील प्रत्येक भाच्याच्या ठायी असते, आणि तिला धक्का लावणे मला रास्त वाटले नाही. आम्ही डेक्कन क्वीनने निघालो. तिच्या उपाहारगृहाच्या डब्यात बसल्यावर चीज टोस्ट न मागविणे हा त्या गाडीचा अवमान होतो असे मी मानतो, आणि भाचा आमलेटाच्या बाबतीत त्याच पंथाचा निघाला.

लॅमिंग्टन रोडचे नाव सरकारदरबारी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, परंतु १९०७ साली मुंबई इलाख्याची गव्हर्नरी सोडून गेलेल्या त्या लॉर्ड लॅमिंग्टनचा ताबा त्या रस्त्यावरून अद्याप उठलेला नाही; फेरफार मंजूर होऊनही कूळ जमीन सोडत नाही, त्यातलाच हा मासला. ग्रँट रोड स्थानकापासून पाच-सात मिनिटे चालत गेले की दोन्ही बाजूंनी दुकाने सुरू होतात, दुकानांच्या पोटात पोटदुकाने, आणि पोटदुकानांच्या तोंडाशी हातात दरपत्रक घेतलेले तरुण. मी मात्र दुकानांकडे न पाहता जुन्या इमारती शोधीत होतो. कारण हाच तो रस्ता, जेथील मिनर्व्हा चित्रगृहात ‘शोले’ पाच वर्षे मुक्काम ठोकून होता, जेथे ‘नाझ’च्या इमारतीत बसून चित्रपटांचे वितरक साऱ्या देशातील पडद्यांचे भवितव्य ठरवीत, आणि जेथून हाकेच्या अंतरावर, गिरगावात, सेंट्रल सिनेमात ‘संत तुकाराम’ वर्षाहून अधिक काळ चालला, त्या काळी लोक गावोगावहून गाड्या करून चित्रपट पाहावयास येत. तेच लोक, किंवा त्यांचे भाचे, आता त्याच रस्त्यावर चित्रगृहात जावे न लागण्याचे सामान विकत घेण्यास येतात. भाच्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, “मामा, एसएमपीएस राहिलाय.”

एसएमपीएस म्हणजे भिंतीतील वीज घेऊन ती यंत्राला पचेल अशी करून देणारी पेटी. यंत्र ज्या खोक्यात बसते त्या खोक्यास या व्यवसायात कॅबिनेट म्हणतात, आणि दुकानदाराने मोठ्या उदारपणे कॅबिनेटाबरोबर ५०० वॅटचा एसएमपीएस फुकट देऊ केला. मी तो हातात घेतला. तो इतका हलका होता की आत वीज सोडाच, तार तरी आहे की नाही असा संशय यावा. भाच्याने तो माझ्या हातातून काढून घेतला, परत केला, आणि ‘८० प्लस ब्राँझ’ असा शिक्का असलेली ४५० वॅटची निराळी पेटी २,२०० रुपयांस मागविली. या शिक्क्याचा अर्थ असा की, निम्म्या भाराला घेतलेल्या विजेपैकी ८५ टक्के तरी पुढे पोचती होते आणि उरलेली वाटेत उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. शंभरातले पंधरा मधल्यामध्ये गडप होऊनही कांस्यपदक मिळते, हे ऐकून माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांविषयी मनात असलेली अढी बरीचशी सुटली. ३५ वॅटच्या प्रोसेसरला ४५० वॅट कशासाठी, हे मात्र मी विचारले नाही. उत्तर मला ठाऊक होते.

कॅबिनेटाची निवड ही सर्वत्रच नाजूक बाब असते. उभी कॅबिनेटे स्वस्त होती, परंतु टीव्हीच्या मेजाखाली आडवेच मावणार होते, आणि आडवे राहण्याचे ६०० रुपये अधिक पडत होते, एकूण २,६००. मग दुकानदाराने विचारले, “अंकल, बिल के साथ या बिना बिल?” बिलासहित १८ टक्के जीएसटी, बिलाविना तो माफ. भाच्याने माझ्याकडे आशेने पाहिले. परंतु ३१ वर्षे सरकारचा महसूल ज्याने वसूल केला, त्याने निवृत्तीनंतर तो बुडवावा, हे माझ्याने होईना, आणि शिवाय पक्क्या बिलाविना वॉरंटी मागावयास जाणे म्हणजे दस्ताविना जमीन मागणे. मी पक्के बिल घेतले. पुण्याच्या मानाने आमचे ७०० रुपये वाचले, आणि प्रवास, चीज टोस्ट, आमलेट व टॅक्सी मिळून ८६० गेले.

आता निःशब्दतेविषयी. घरच्या चित्रगृहातील यंत्राचे पहिले लक्षण असे सांगतात की त्याचा आवाज होता कामा नये, कारण करुण प्रसंगी नायिकेचा हुंदका आणि पंख्याची घरघर एकत्र ऐकू येणे रसभंगकारक असते. तत्त्व मला मान्य होते. परंतु आमच्या घरात सकाळी सहापासून दूधवाला, भंगारवाला, कुकरच्या शिट्या, शेजारच्या मुलाचा तबला, आणि रस्त्यावर रिव्हर्स घेताना सारी गल्ली जागी करणारी वाहने अशी अखंड मैफल चालू असते, आणि गणेशोत्सवाचे दहा दिवस तर आम्ही एकमेकांशी खाणाखुणांनीच बोलतो. त्या घरात ही एक पेटी मौन पाळील, म्हणून प्रोसेसरबरोबर फुकट आलेला पंखा बाजूस ठेवून १,२०० रुपयांचा मोठा, संथ, मवाळ पंखा घ्यावयाचा, हे मला जड जात होते. तो घेतला गेला. मोठा पंखा सावकाश फिरून तितकीच हवा ढकलतो, म्हणून तो कमी ओरडतो, हे तत्त्व तेवढे मला पटले, कारण कचेरीतही थोर अधिकारी हळूच बोलत आणि शिरस्तेदार ओरडत.

जुळणीचा दिवस उजाडला. जेवणाचे मेज रिकामे करून पुसून घेण्यात आले आणि भाच्याने सोवळ्याचे नियम सांगितले : लोकरीचा स्वेटर अंगात नको, प्रथम लोखंडाला स्पर्श करून अंगातील स्थितिक वीज उतरवावयाची, प्रोसेसरच्या पिनांना बोट लागू द्यावयाचे नाही, आणि लागले तर सांगावयाचे, लपवावयाचे नाही. वरिष्ठ न्यायालयाने हे ऐकून, श्रावणात सांगितलेले जे या घरात कधी कोणी पाळले नाही ते आज एका डब्यासाठी पाळले जात आहे, असा शेरा मारला. प्रोसेसरच्या माथ्यावर वाटाण्याएवढा करड्या रंगाचा लेप लावण्यात आला; त्यास थर्मल पेस्ट म्हणतात, आणि गंध लावण्याचा मान वयाने वडील म्हणून मला मिळाला. प्रथम प्रकाश दिसेपर्यंत तीन तास गेले, त्यातले दोन एका अशा तारेच्या शोधात, जी अखेर माझ्याच मांडीखाली सापडली.

आज्ञावली फुकट होती. तिचे नाव कोडी. २००२ साली एका खेळण्याच्या यंत्रावर चित्रपट दिसावेत म्हणून काही हौशी लोकांनी ती लिहावयास घेतली आणि पुढे २०१४ साली तिला हे नाव मिळाले. नाव ठेवणाऱ्यांना मराठी येत नसूनही ते किती समर्पक पडले आहे, हे तिच्या सेटिंगांत शिरल्याविना समजणार नाही. टीव्हीच्या रिमोटने ती चालेना, कारण बोर्डाच्या एचडीएमआयमधून रिमोटचा हुकूम आत जात नाही, तेव्हा १,९०० रुपयांचा एक बिनतारी कीबोर्ड आला, आणि तक्त्यातील दरांनी बेरीज २५,९०० झाली. मंजुरी १५,००० ची होती. जादा खर्चाचे समर्थन कसे करावे याची टिपणे मी मनात जुळवीतच होतो; तोच सौभाग्यवती हातात ‘संत तुकाराम’ची पेटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “अहो, लावा आता.”

मी तबकडी हाती घेतली. कॅबिनेटाच्या समोरच्या बाजूस पाहिले. मागे पाहिले. भाच्याने उजवीकडे पाहिले. त्या चोहोकडून गुळगुळीत, काळ्या, देखण्या पेटीस तबकडी आत घेण्यासाठी कोठेही तोंड नव्हते.

“हल्ली कॅबिनेटमध्ये सीडी ड्राइव्हची जागाच देत नाहीत,” भाचा म्हणाला, आणि मग त्याचे त्यालाच आठवून तो गप्प झाला. सौभाग्यवतींनी काहीच विचारले नाही. त्यांनी फक्त वरच्या मजल्याकडे, म्हणजे काडीच्या दिशेने, एकवार पाहिले. दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतून, त्याच कारागिराच्या शेजारच्या दुकानातून, १,५०० रुपयांचा बाहेरून जोडावयाचा ड्राइव्ह आला, आणि मी तक्त्याखाली २७,४०० असा एकूण आकडा लिहून कार्योत्तर मंजुरीस्तव सादर केला.

पहिला खेळ रविवारी रात्री झाला. पडद्यावर ८० लाखांहून अधिक ठिपके मांडण्याची सिद्धता होती. व्हिडिओ सीडीवरील चित्र ३५२ गुणिले २८८, म्हणजे लाखभर ठिपक्यांचे, आणि त्या एकेका ठिपक्याने आता सुमारे ६० ठिपक्यांचा संसार चालवावयाचा होता. कारण चित्रपट जुन्या, चौकोनी घडणीचा असल्याने पडद्याच्या दोन्ही बाजूंस पडीक जमिनीचे दोन काळे पट्टे राहिले. रंगांची गरज नव्हती, कारण चित्रपट कृष्णधवल होता. ध्वनीची एकच वाट होती, आणि तीही ८३ वर्षांची. तरीही विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले आणि सौभाग्यवतींनी नकळत हात जोडले, हे मी पाहिले आणि ते तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहावे याचा विचार करू लागलो.

यंत्र खरोखरच निःशब्द होते. इतके, की ते चालू आहे की नाही हे पाहण्यास मी दोनदा उठलो. गल्लीही त्या रात्री कशी कोण जाणे शांत होती. अभंगाच्या दोन कडव्यांमध्ये जी किंचित स्तब्धता येते, तिच्यात सौभाग्यवतींनी मान वर केली.

“अहो, हा घुंऽऽ आवाज कसला?”

“आमच्या यंत्राचा नाही,” मी अभिमानाने म्हणालो.

त्या उठल्या, आवाजाचा माग काढीत स्वयंपाकघरात गेल्या आणि तेथूनच ओरडल्या, “हा फ्रिज! इतकी वर्षे हा असाच रडतोय?” २१ वर्षांपूर्वी घेतलेला तो फ्रिज खरोखरच रडत होता, आम्हीच कधी ऐकले नव्हते. भाचा सोफ्यावरून म्हणाला, “मामी, आता इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे येतात. आवाज जवळजवळ येतच नाही. मोठाच घ्या, पुढे लागेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहास आलो, तेव्हा मेजावर मेथीच्या जुडीशेजारी आखलेले फुलस्केप पडले होते. रकाने त्यांच्या हस्ताक्षरात होते, आणि शेऱ्याचा रकाना मोठा ठेवला होता.